एक गोल झाला की येतो

एका देशाच्या फुटबॉल संघाची मी मॅनेजर होते असं सांगितलं, की माहेरची माणसं आधी पोट धरून हसतात आणि मग विचारतात, "कुठल्या देशाची गं?" नाव सांगून उपयोग नसतो. नकाशात तो देश भर समुद्रात सांडलेल्या मोहरीएवढा आहे, आणि आमच्या घरच्या नकाशात तर तिथं नेमकी घडी पडलीय. म्हणून मी आता नाव सांगतच नाही. "नारळवाल्यांचा देश" म्हणते आणि पुढचं सांगायला लागते.

तेव्हा आम्ही अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात राहत होतो. नवरा पीएचडी करत होता आणि मी त्याच्या व्हिसाला बांधलेली. नोकरीची परवानगी नाही, शिकायचं तर फी झेपत नाही, गाडी नाही. सकाळी हा कॅम्पसच्या बसनं लॅबला गेला की घरात मी, टीव्ही आणि खिडकीबाहेरचा बर्फ. मी कोल्हापुरातल्या पेठेत वाढलेली. तिथं दार उघडलं की समोर माणूस उभा, आणि तो विचारणारच, "काय, जेवण झालं का?" इथं दार उघडलं की नुसता गार वारा आत यायचा. पहिल्या हिवाळ्यात तर मी कुकरशी बोलायला लागले होते.

ओळख झाली ती नारळामुळे. गावातल्या मोठ्या दुकानात भाज्यांच्या कडेला कधीमधी नारळ यायचे, त्यातले निम्मे सडके. मी एकेक नारळ कानाशी धरून हलवून बघत होते. समोर बघते तर एक उंचापुरा काळासावळा माणूस, कानशिलांवरचे केस पिकलेले, तोही नारळ कानाशी धरून उभा. मी हातातला टोपलीत टाकणार, तेवढ्यात तो इंग्रजीत म्हणाला, "तो घेऊ नका, आटलाय."

"कळतंय की मला," मी फटकन बोलले. "मी काय खुळखुळा म्हणून हलवतेय?"

तो इतका मोठ्यानं हसला की भाजीवाली पोरगी वळून बघायला लागली. मग कळलं, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो. मातीच्या शास्त्रात डॉक्टरेट करत होता. वयानं आमच्यापेक्षा बराच मोठा, बायको आणि मुलगी तिकडे त्या मोहरीएवढ्या देशात.

त्याच्या देशाची अख्ख्या कॅम्पसमध्ये मोजून अकरा पोरं होती. दर वसंतात परदेशी विद्यार्थ्यांची फुटबॉल स्पर्धा व्हायची, एका देशाचा एक संघ. बाकीचे देश चाचण्या घेऊन संघ निवडायचे. यांच्यात जो कोणी त्या देशात जन्मला तो संघात, मग त्यानं आयुष्यात चेंडूला पाय लावलेला असो नसो. हा माणूस गोलकीपर. पण स्पर्धेचा एक नियम होता, की रेषेबाहेर संघाचा एक न खेळणारा जबाबदार माणूस उभा हवा. बारावा माणूस यांनी आणायचा कुठून? आधीच्या वर्षी एकाची बायको उभी राहायची, ती बाळंतपणाला घरी गेलेली. गोलकीपरनं जिन्यात माझ्या नवऱ्याला विचारलं. नवरा पुण्याचा, क्रिकेटवाला. म्हणाला, "मला लॅब आहे." मग गोलकीपरनं माझ्याकडे वळून अगदी अदबीनं विचारलं, "तुम्हाला फुटबॉलची काही माहिती आहे का?"

अहो, कोल्हापूरच्या बाईला हे विचारायचं! आमच्याकडे तालमीतालमींचे फुटबॉल संघ असतात. दोन पेठांची मॅच असली की दुपारपासून रस्ते ओस. माझे दोन्ही भाऊ तालमीकडून खेळायचे आणि त्यांचे चिखलानं माखलेले शर्ट मी धुवायची. ऑफसाइड मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. हे सगळं मी माझ्या इंग्रजीत एका दमात सांगितलं. त्याला निम्मंच समजलं असणार.

"म्हणजे याल?" त्यानं विचारलं.

"याल म्हणजे काय, आलेच!"

रात्री जेवताना नवऱ्यानं खेचायला सुरुवात केली. "अगं, मॅनेजर असला काय नि नसला काय, खेळणार ते अकराच. संघ चांगला असला तर मॅनेजर शोभेचा. वाईट असला तर तो तरी काय करणार? शेवटी त्याला नारळ देतात नि दुसरा आणतात."

"ते मोठ्या देशांचं," मी म्हटलं. "त्यांना शंभरातून अकरा निवडायचे असतात. इथं अकरातून अकरा. निवडायचं काही नाहीच, म्हणजे उरलं काय? सांभाळणं. फ्रिजमध्ये दोन बटाटे नि एक कांदा आहे आणि दारात चार पाहुणे. मग स्वयंपाक कोण करतंय यानं फरक पडतो का नाही?"

त्यानं दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली.

संघाची बैठक रविवारी आमच्या स्वयंपाकघरात भरायला लागली. गोलकीपर सगळ्यांच्या आधी यायचा, कारण त्याला घरी फोन करायचा असायचा. त्याचा रूममेट सारखा फोनच्या लाइनवरून चालणाऱ्या इंटरनेटला चिकटलेला, त्यामुळे त्यांची लाइन कधी मोकळी म्हणून नसायची. हा खिशातून परदेशी फोनचं कॉलिंग कार्ड काढायचा, त्यावरचा झाकलेला नंबर नाण्यानं खरवडायचा आणि आमच्या भिंतीवरच्या फोनवरून लावायचा. बायकोशी बोलून झालं की मुलगी फोनवर यायची. तिची नुसती चिवचिव ऐकू यायची. मग ती काहीतरी विचारायची आणि हा जमिनीकडे बघत एक छोटासा शब्द बोलायचा. दर रविवारी तोच शब्द. न राहवून मी एकदा विचारलंच, काय विचारते ती?

"गोल झाला का विचारते," तो म्हणाला. "मी नाही म्हणतो."

हा निघाला तेव्हा पोर चार वर्षांची होती. विमानतळावर तिनं याच्या पायाला मिठी मारली ती सोडेचना. तेव्हा याच्या तोंडात आलं ते हा बोलून गेला, "तिकडे आपल्या संघाचा एक गोल झाला की मी आलोच बघ." याला वाटलं होतं, पहिल्याच वर्षी होईल की एखादा. तीन वसंत गेले, गोल काही झाला नाही. मध्ये एकदाही घरी जाणं जमलं नाही. आता प्रबंध संपत आला होता आणि मे महिन्यात तो कायमचा परत जाणारच होता. पण गोल न होता बाप आला तर शब्दाचं काय, हे त्याच्या मनाला कुरतडत होतं.

"सांगून टाका की झाला म्हणून," मी म्हटलं. "लहान पोर ते. तिला काय कळतंय?"

"मॅनेजर," तो म्हणाला, "तिच्यासाठी बाप म्हणजे फोनमधला आवाज. तोच खोटा निघाला तर घरी जाऊन मी तिच्यापुढे काय घेऊन उभा राहू?"

आमचे वडील काहीही बिनसलं तरी फोनवर "सगळं झकास आहे" म्हणतात, ते मला आठवलं. मी पोळपाटावर लाटणं आपटलं आणि म्हटलं, "या वर्षी गोल होणार. कोल्हापूरचा शब्द आहे." बोलून बसले खरी. खेळायला मी थोडीच जाणार होते?

पहिल्या मॅचला मी नारळ वाढवला. आमच्याकडे त्याशिवाय कशाची सुरुवात होत नाही आणि त्या अकरा जणांना तर काय, नारळ बघूनच घरचं कोणी आल्यासारखं वाटलं. गोलच्या खांबापाशी दगड कुठला, बसस्टॉपच्या कठड्यावर आपटून फोडून आणला आणि पाणी रेषेवर शिंपडून तुकडे खांबापाशी टाकले. रेफरी धावत आला. हे काय चाललंय, करवंटीचे तुकडे कोणाच्या पायात गेले तर? मग मी आणि सबंध संघ गवतात वाकून तुकडे वेचतोय आणि समोरचा संघ बघत उभा. त्या दिवशी आम्ही सहा गोलांनी हरलो.

हरलो ते नारळामुळे नाही. आमच्या मधल्या फळीत दोन चुलतभाऊ होते आणि ते एकमेकांना पासच देईनात. खोदून विचारलं तेव्हा कळलं, राइस कुकर कोणी जाळला यावरून दीड महिना अबोला. कप्पाळ माझं! मी दोघांना घरी बोलावलं, सामानात कोंबून आणलेली खोवणी काढली आणि दोघांपुढे एकेक वाटी ठेवली. त्यांच्याकडेही अशीच खोवणी असते म्हणे, फक्त त्यावर घोड्यासारखं बसतात. "बोलल्याशिवाय कोणी उठायचं नाही," मी म्हटलं. "आळीपाळीनं खोवा." पहिली वाटी संपेपर्यंत हूं की चूं नाही. दुसऱ्या वाटीला एकजण म्हणाला, तुझा कीस जाड पडतोय. झालं, भांडायला तर लागले! भांडता भांडता हसले. त्या खोबऱ्याच्या वड्या केल्या आणि दोघांना एकाच डब्यात दिल्या.

दुसरा एक होता जाड भिंगाचा चष्मेवाला, संख्याशास्त्र शिकणारा. चेंडू जवळ आला की हा डोळे मिटायचा. बाकीचे म्हणायचे, त्याला कुठं तरी कोपऱ्यात उभा कर. मी त्याला पुढं उभा केला. म्हटलं, "तू पळू नको, काही करू नको. गोलकीपर सोडून त्यांचा सगळ्यात मागचा गडी असेल ना, त्याला चिकटून उभा राहा. तो सरकला की तू सरक, त्याच्या पुढं जाऊ नको, गेलास की ऑफसाइड. आणि डोळे मिटलेस तर माझ्याशी गाठ आहे." त्याला हे पटलं. आयुष्यात पहिल्यांदा खेळात कोणीतरी त्याला जमेल असं काम सांगितलं होतं.

मी रेषेवरून ओरडायची ती मात्र मराठीतच. रागात इंग्रजी सुचतंय कुणाला? "आरं पळ की मुडद्या! हाण! हाण भावा!" दुसऱ्या मॅचपर्यंत अकराही जण एकमेकांना भावा म्हणायला लागले आणि चेंडू मिळाला की सगळे मिळून "हाऽऽण!" ती मॅच आम्ही चार गोलांनी हरलो, तिसरी तीननी. नवरा म्हणाला, "मॅनेजर आल्यापासून पराभवात चांगलीच सुधारणा आहे." पण तिसऱ्या मॅचला तो थर्मासमधून चहा घेऊन आला होता, लॅब सोडून.

राहिली शेवटची मॅच. समोर असा देश, की ज्याचं नाव घेतलं तर लोकांना आधी फुटबॉल आठवतो. त्यांच्या बाकावर बसलेल्यांतून आणखी एक संघ झाला असता. त्या सकाळी गोलकीपरनं मला एवढंच विचारलं, "मॅनेजर, होईल?" मी म्हटलं, "होणार."

हाफ टाइमला आम्ही चार गोल खाल्ले होते. तिथं माझं डोकं चाललं, म्हणजे चालू नये तसं चाललं. मला वाटलं, आता हरणं तर ठरलेलंच आहे, मग ज्याच्या जिवाला गोल हवाय त्यालाच तो करू दे की! त्याला पुढं काढला आणि गोलमध्ये एका बुटक्या मिडफिल्डरला उभा केला. आपल्याकडे नाही का, पाहुणा नको नको म्हणत असला तरी त्याच्या पानात लाडू वाढायचाच, आणि वर म्हणायचं, लाजू नका. मी तसाच आग्रह केला. पानावरच्या माणसाला भूक कशाची आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

पाच मिनिटांत आणखी दोन गोल. पुढं गोलकीपर बिचारा परक्या लग्नात वाट चुकल्यासारखा फिरत होता. चेंडू बाहेर गेला तेव्हा तो धापा टाकत सरळ माझ्यापाशी आला.

"मॅनेजर, मला माझ्या जागी पाठवा."

"अहो, पण गोल तुम्हाला हवाय ना? तुमच्या मुलीसाठी..."

"मी तिला 'माझा गोल' नव्हतं म्हटलं," तो म्हणाला. "'आपला' म्हटलं होतं. मी तिथं मागं उभा असलो तरच तो आपला होईल. इथं मी कोण आहे?"

मला एकदम लख्ख कळलं. भावांची मॅच बघताना सगळी पेठ म्हणायची, "आपण मारला." कोणी मारला हे दुसऱ्या दिवशी विचारायचे. आणि हे मला, कोल्हापूरच्या पोरीला, दुसऱ्यानं सांगावं लागलं! "जावा," मी म्हटलं, "पळा आधी." आणि बुटक्याला हाक मारली.

गोलकीपरनं आपली जागा घेतली आणि अंगात वारं शिरल्यासारखा खेळला. उजवीकडे झेप, डावीकडे झेप. सातवा गोल होऊ दिला नाही. मागं तो उभा आहे म्हटल्यावर बाकीच्या पोरांचे पायही जमिनीला लागले. वेळ संपत आलेली, रेफरी घड्याळाकडे बघायला लागलेला, आणि गोलकीपरनं एक चेंडू छातीशी धरला. तिथून लांब फेकला तो थोरल्या चुलतभावाकडे. थोरल्यानं मान वर केली. मी ओरडले, "दे! दे त्याला!" आणि त्यानं दिला. ज्याच्याशी दीड महिना बोलला नव्हता त्याला, बरोब्बर पायात. धाकटा पळाला, आणि त्यानं मारला. चेंडू खांबाला लागून उलटा आला.

तिथं आमचा चष्मेवाला उभा होता. मागच्या गड्याला चिकटून, सांगितलेल्या जागी, डोळे टक्क उघडे. त्यानं काही केलं नाही. चेंडूच येऊन त्याच्या गुडघ्यावर आदळला आणि जाळ्यात गेला. ऑफसाइड नव्हता, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगेन.

समोरच्या संघानंच आधी टाळ्या वाजवल्या. मी जॅकेट फेकून मैदानात घुसले आणि चष्मेवाल्याला घट्ट धरून हलवलं. रेफरीनं मला पिवळं कार्ड दाखवलं, त्याचा मला अजून अभिमान आहे. सगळे एकमेकांवर पडत होते, "भावा! भावा!" करत ओरडत होते. मी मागं वळून बघितलं. गोलकीपर आला नव्हता. तो आपल्या गोलमध्ये खाली बसला होता, एक हात खांबाला धरून आणि दुसरा डोळ्यांवर ठेवून.

सहा-एकनं हरलो. परतताना बसमध्ये अशी गाणी चालली होती, की ड्रायव्हरनं विचारलं, कप जिंकलात वाटतं?

संध्याकाळी सगळे आमच्या घरी. मी मोठ्या पातेल्यात भात टाकला होता आणि पोळ्या लाटत होते. गोलकीपरनं फोनचं कार्ड काढलं, पण आकडे दोनदा चुकले, म्हणून ते माझ्या नवऱ्यानं दाबले. तिकडे सकाळ होती. बायकोशी दोन शब्द झाले आणि मग ती चिवचिव. तिनं तिचा प्रश्न विचारला. यानं या वेळी जमिनीकडे बघितलं नाही, आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि एक दुसराच शब्द बोलला. मला त्यांची भाषा येत नाही, पण तो शब्द कळायला भाषा कशाला लागते!

पलीकडून अशी किंकाळी आली, की यानं फोन कानापासून लांब धरला आणि ती अख्ख्या खोलीला ऐकू गेली. मग तो बराच वेळ काहीतरी सांगत राहिला, खांब, गुडघा, चष्मा सगळं हातवारे करून, जसं काही तिला दिसतच होतं. शेवटी त्यानं फोन माझ्यापुढे धरला. म्हणाला, "तिला मॅनेजरशी बोलायचंय."

मी पीठ लागलेल्या हातानंच फोन घेतला.

"तुम्ही मॅनेजर?" शाळेत शिकलेलं इंग्रजी, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखं.

"हो, मीच."

"बाबा म्हणतात, कोणी कुठं उभं राहायचं ते तुम्ही ठरवता."

"हो बाळा. मीच ठरवते."

"मग आता माझ्या बाबांना आमच्या दारात उभं करा."

मी नुसती मान हलवत राहिले. नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "मॅनेजर, फोनवर मान दिसत नाही. तिला सांग काहीतरी."

"करते," मी म्हटलं. "मे महिन्यात उभं करते. तू दार उघडं ठेव."